जैविक म्हणजे जन्मसिद्ध नव्हे : मानवी वर्तनाचा जैविक दृष्टिकोन आणि धम्मविचार

माणूस जसा वागतो तसा तो का वागतो, हा मानसशास्त्राचा मूळ प्रश्न होय. आपल्या समाजात या प्रश्नाला शतकानुशतके तीन तयार उत्तरे दिली गेली. पहिले पूर्वजन्मीच्या कर्माचे, दुसरे जातीचे आणि तिसरे देवाच्या कोपाचे अथवा करणी-भानामतीचे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली दिलेल्या धम्मदीक्षेने ही तिन्ही उत्तरे आपण नाकारली. परंतु अलीकडे एक चौथे उत्तर विज्ञानाचा पोशाख घालून पुढे आले आहे. 'ते त्याच्या रक्तातच आहे' असे पूर्वी म्हणत. आता 'ते त्याच्या जीन्समध्येच आहे' असे म्हणतात. वर्गातला मुलगा मागे पडला, तरुण व्यसनाधीन झाला, एखाद्या वस्तीवर चोरीचा आळ आला, की हे वाक्य सहज उच्चारले जाते.

त्यामुळे मानसशास्त्रातील 'जैविक दृष्टिकोन' हा शब्दप्रयोग कानी पडताच आपल्यापैकी अनेकांच्या मनात शंका उत्पन्न होते. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणारी व्यवस्था ज्यांनी भोगली, त्यांना शरीराच्या भाषेत बोलणाऱ्या सिद्धांताचा संशय यावा हे स्वाभाविकच आहे. तथापि संशयापोटी एखादे शास्त्रच टाकून देणे हे बुद्धानुयायांना शोभणारे नाही. प्रस्तुत लेखात जैविक दृष्टिकोन म्हणजे काय, तो कोठवर खरा आहे आणि त्याचा दुरुपयोग कोठे होतो, याचा विचार आम्ही करणार आहोत. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : वर्तनाला शारीरिक आधार असतो हे सत्य आहे, परंतु जे जैविक आहे ते जन्मसिद्ध आणि अटळ असते, हे असत्य आहे. जातिव्यवस्थेचे सारे आधुनिक समर्थन या दोन विधानांची गल्लत करून उभे राहते.

जैविक दृष्टिकोनाचे स्वरूप

मानसशास्त्रात वर्तनाचे स्पष्टीकरण अनेक अंगांनी केले जाते. कोणी बालपणीच्या अनुभवांवर भर देतो, कोणी शिकण्याच्या प्रक्रियेवर, कोणी विचारपद्धतीवर, तर कोणी सामाजिक परिस्थितीवर. जैविक दृष्टिकोन मुख्यतः तीन गोष्टींकडे पाहतो : मेंदू व मज्जासंस्था, संप्रेरके म्हणजेच ग्रंथींतून रक्तात मिसळणारी द्रव्ये, आणि आनुवंशिकता.

मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी असतात. त्या परस्परांशी विद्युत आणि रासायनिक संदेशांच्या द्वारे बोलतात. मेंदूच्या एखाद्या भागाला इजा झाली तर त्या भागाशी निगडित वर्तन बिघडते, हे एकोणिसाव्या शतकात स्पष्ट झाले. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेमार्गाच्या कामावरील फिनिअस गेज या मुकादमाच्या कवटीतून सुरुंगाची लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण शांत व जबाबदार म्हणून ओळखला जाणारा हा माणूस उतावळा आणि शिवराळ झाल्याचे त्याच्या डॉक्टरांनी नोंदविले. १८६१ साली फ्रान्समध्ये पॉल ब्रोका यांनी बोलण्याची शक्ती गमावलेल्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढील भागातील विशिष्ट जागेशी वाणीचा संबंध जोडला. स्वभाव आणि वाणी या गोष्टी ज्यांना केवळ आत्म्याच्या वाटत होत्या, त्यांना हा मोठाच धक्का होता. गेजची कथा बहुधा येथेच थांबविली जाते. प्रत्यक्षात पुढे तो दक्षिण अमेरिकेतील चिली देशात काही वर्षे घोडागाडी हाकण्याचे नियमित काम करीत होता. म्हणजे एवढ्या भयंकर इजेनंतरही माणूस काही प्रमाणात सावरू शकतो.

संप्रेरकांचे उदाहरण आपल्या घरांतही सापडेल. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा स्राव कमी पडला की माणूस मंद होतो, त्याला सतत थकवा येतो, कशातच रस वाटत नाही, स्मरणशक्ती क्षीण होते. अशा सुनेला घरात 'आळशी' ठरविले जाते. रक्ताची एक साधी तपासणी आणि रोजची एक गोळी यांनी हा 'आळस' पुष्कळदा दूर होतो. ज्याला आपण दुर्गुण म्हणत होतो तो आजार होता, हे दाखवून देणे ही जैविक दृष्टिकोनाची पहिली मोठी सेवा आहे.

तथागतांनी सांगितलेली आठ कारणे

बौद्ध वाचकाला हा दृष्टिकोन परका वाटण्याचे कारण नाही. संयुत्त निकायातील वेदना संयुत्तात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाचा प्रसंग आहे. माणूस जे काही सुख वा दुःख भोगतो ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळेच होय, असे काही श्रमण-ब्राह्मण मानतात. यावर आपले मत काय, असे त्याने भगवान बुद्धांना विचारले. तथागतांनी हे मत स्वीकारले नाही. वेदना उत्पन्न होण्याची आठ कारणे त्यांनी सांगितली : पित्त, कफ, वात, या तिन्हींचा एकत्रित बिघाड, ऋतूतील बदल, विषम वागणूक, बाहेरून झालेला आघात आणि कर्माचा विपाक. सर्व काही पूर्वकर्मानेच घडते असे म्हणणारे स्वतःच्या प्रत्यक्ष अनुभवाच्या आणि लोकमान्य सत्याच्या पलीकडे धावतात, असा त्यांचा अभिप्राय होता.

या यादीकडे बारकाईने पाहावे. पहिली चार कारणे शरीरातील आहेत. पाचवे निसर्गाचे आहे, सहावे राहणीचे, सातवे इतरांनी केलेल्या हिंसेचे. पित्त-कफ-वात ही त्या काळच्या वैद्यकाची भाषा होती. आज आपण मज्जापेशी व संप्रेरके म्हणतो. भाषा बदलली, परंतु पद्धत तीच आहे : दुःखाचे कारण अनेकांगी असते आणि ते शोधावे लागते. ही प्रतीत्यसमुत्पादाचीच दृष्टी होय. विज्ञान आणि नामरूप ही एकमेकांना टेकून उभ्या केलेल्या बोरूच्या दोन जुड्यांसारखी आहेत, एक काढली तर दुसरी कोसळते, असा दृष्टांत सारिपुत्तांनी दिला आहे. शरीरावाचून मन नाही आणि मनावाचून शरीराचे वर्तन नाही, हे जाणणाऱ्या परंपरेला मेंदूच्या अभ्यासाचे भय कशाला वाटावे?

किल्लारीच्या भूकंपाने दाखविलेले सत्य

शरीर आणि वर्तन यांचा संबंध समजून घेण्यासाठी आपल्याच भागातील एका घटनेचे स्मरण पुरेसे आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांना भूकंपाचा भीषण हादरा बसला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जित करून लोक झोपी गेले होते. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि त्या वेळच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर, होळी, राजेगाव अशी गावे काही क्षणांत ढिगारा झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे यांमुळे आठ ते दहा हजार माणसे दगावली.

अशा क्षणी शरीरात काय घडते? जमिनीचा गडगडाट कानी पडताच, विचार करण्यापूर्वीच, मेंदूतील अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग धोक्याची घंटा वाजवितो. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात येते. हृदय वेगाने धडधडते, स्नायूंकडे रक्त धावते, पचन थांबते. पाठोपाठ कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक शरीराला दीर्घ झुंजीसाठी सज्ज ठेवते. ताणाला शरीर देत असलेल्या या प्रतिसादाची मांडणी हान्स सेल्ये यांनी १९३६ साली केली. ही व्यवस्था जीव वाचविण्यासाठीच आहे.

परंतु काही माणसांत ही घंटा धोका टळल्यावरही वाजत राहते. अवजड ट्रक गेला, पत्रा वाजला, भांडे पडले तरी ती माणसे घराबाहेर धावतात. छताखाली झोप लागत नाही. तो प्रसंग स्वप्नात पुनःपुन्हा दिसतो. याला आघातोत्तर ताण विकृती म्हणतात. या भूकंपातून वाचलेल्यांच्या मानसिक आरोग्याविषयीचा एक प्राथमिक अहवाल १९९६ साली अमेरिकेतील एका मानसोपचारविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासलेला गट लहान होता, पण त्यातील निम्म्याहून अधिक लोकांत मानसिक विकार आढळले; त्यांत ही विकृती आणि नैराश्य प्रमुख होते.

या उदाहरणातून दोन बोध होतात. पहिला असा की, ही माणसे भित्री नव्हती आणि त्यांना कोणी झपाटलेही नव्हते. त्यांच्या मज्जासंस्थेवर आघाताची खूण उमटली होती. ही घंटा मराठ्याच्या देहात वाजली तशीच पूर्वाश्रमीच्या महाराच्या, मांगाच्या, लिंगायताच्या आणि मुसलमानाच्या देहात वाजली. दुसरा बोध अधिक महत्त्वाचा आहे. ही अवस्था पूर्णपणे जैविक आहे, परंतु ती जन्मजात नाही. २९ सप्टेंबरला ती त्या देहांत नव्हती. बाहेरच्या जगातील घटनेने ती देहात निर्माण केली. तसेच आघातानंतर माणूस किती लवकर सावरतो हे त्याला आसरा, रोजगार आणि आप्तांची सोबत किती मिळते यावर फार अवलंबून असते, असे जगभरच्या अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणजे देहात उमटलेली खूण पुसट करण्याचे सामर्थ्य समाजव्यवस्थेत असते, आणि ती अधिक खोल करण्याचेही.

आनुवंशिकता म्हणजे ललाटलेख नव्हे

यावर कोणी म्हणेल, भूकंप बाहेरून आला हे ठीक. परंतु जनुके तर जन्मतःच मिळतात, त्यांचे काय? या प्रश्नाचा विचार टाळण्यात अर्थ नाही. आईवडिलांकडून मुलांना गुणावगुण मिळतात हे बाबासाहेबांनी नाकारले नव्हते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या ब्राह्मणी सिद्धांताचे खंडन करताना त्यांनी आनुवंशिकतेच्या शास्त्राचाच आधार घेतला आहे. अपत्याचे गुणधर्म मातापित्यांकडून येत असतील, तर कुठल्याशा मागील जन्मातून येणाऱ्या आत्म्याने ते आणले हे म्हणणे टिकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून आनुवंशिकतेचे प्रमाण अजमावले जाते. स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकाराचे उदाहरण घेऊ. अगदी एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार असेल तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता सर्वसाधारण माणसापेक्षा कितीतरी अधिक असते. तरीही ती निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच भरते. दोघांची जनुके जवळपास सारखी, मग दुसरा निरोगी कसा राहतो? जनुकांखेरीज अन्य कारणेही लागतात म्हणून. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली. गर्भारपणाच्या आरंभी त्या उपासमारीत सापडलेल्या मातांच्या मुलांत मोठेपणी या आजाराचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. मातेच्या पोटातील भूक मुलाच्या मेंदूपर्यंत पोहोचली. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी खडी फोडून आणि सुकडी खाऊन काढला, त्या मराठवाड्यातील पिढीला या माहितीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

याहून बोलके उदाहरण फिनाइलकीटोन्युरिया या आजाराचे आहे. हा आजार निःसंशय आनुवंशिक आहे. प्रथिनांतील एक विशिष्ट घटक बालकाच्या शरीराला पचविता येत नाही. तो साचून मेंदूची वाढ खुंटते आणि मूल मतिमंद होते. नॉर्वेतील डॉक्टर फोलिंग यांनी १९३४ साली हा आजार ओळखला. १९५० नंतरच्या दशकात त्यावर विशेष आहाराचा उपाय निघाला. जन्मतःच रक्त तपासून हा आहार सुरू केला तर ते मूल इतर मुलांसारखे बुद्धिमान होते. जनुक तेच राहते. फक्त ताटातील अन्न बदलते, आणि आयुष्य बदलते. याउलट आहारातील अयोडीनच्या अभावाने मेंदूची वाढ खुंटते, तेथे जनुकांचा दोष नसतो. एक आजार वंशातला, दुसरा मातीतला. दोन्ही जैविक आणि दोन्ही टाळता येण्यासारखे. मग अमुक गोष्ट 'जैविक' आहे एवढे म्हटल्याने ती अटळ कशी ठरते?

जीवशास्त्राच्या नावाने जातीचे समर्थन

तरीही इतिहासात जीवशास्त्राचा उपयोग माणसांना जन्माच्या खुंटीला बांधण्यासाठी झाला आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी १८६९ साली प्रतिभा वंशपरंपरेने येते असे मांडले आणि १८८३ साली सुप्रजाशास्त्राला नाव दिले. इटलीत लोंब्रोसो यांनी १८७६ साली जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडून चेहऱ्याच्या ठेवणीत गुन्हेगारी शोधली. आपल्या देशात या विचाराला वेगळ्या प्रयत्नाची गरजच पडली नाही. जातिव्यवस्थेने जमीन आधीच नांगरून ठेवली होती. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार होतो, तद्वत गुन्हेगार जातीचा मुलगा गुन्हेगारच होणार, असा त्यामागील युक्तिवाद होता. म्हणजे मनूचाच न्याय इंग्रजी कायद्याच्या पुस्तकात शिरला. धाराशिवच्या शेजारी सोलापुरात या जमातींना तारेच्या कुंपणात कोंडण्यासाठी वसाहत उभारली गेली. त्या भागाला आजही 'सेटलमेंट' म्हणतात. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु कुंपणाची तार तोडणे सोपे असते, मनातली तार तुटत नाही. आमच्या जिल्ह्यातील पारधी बांधवांच्या पालावर संशयाची छाया अजूनही आहे. ज्याला कोणी कामावर ठेवीत नाही, ज्याच्या मुलाला शाळेत वेगळे बसविले जाते, त्याच्या वर्तनाचे कारण त्याच्या रक्तात शोधणे हा केवळ अन्याय नव्हे, ते सदोष शास्त्रही आहे.

अशाच पद्धतीने हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची प्रतवारी लावली आणि सामाजिक दर्जा नाकाच्या मापाशी जुळतो असा दावा केला. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील आपल्या ग्रंथात हीच मापे तपासली. एकाच प्रदेशातील ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मापे पाहता ते एकाच वंशाचे ठरतात, हे त्यांनी प्रतिपक्षाच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. त्यापूर्वी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म सजातीय विवाहाच्या बंधनात असल्याचे मांडले होते. १९३६ साली 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या भाषणात त्यांनी जातीच्या समर्थनार्थ जीवशास्त्राचा आश्रय घेणाऱ्यांचा समाचार घेतला. भारतातील लोकांचे रक्त आणि संस्कृती यांची सरमिसळ आधी झाली आणि जाती नंतर आल्या, हे त्यांचे म्हणणे होते. उच्च मानसिक गुणांचा वारसा कोणत्याही एका सोप्या नियमाने चालत नाही, यासाठी त्यांनी आनुवंशिकतेचे अभ्यासक बेटसन यांची साक्ष काढली होती.

आज जनुकांचे वाचन शक्य झाले आहे. हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी मिळून सत्तरहून अधिक समूहांच्या जनुकांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथील निरनिराळ्या मूळच्या लोकसमूहांत व्यापक सरमिसळ झाली आणि त्यानंतर समूहाबाहेर विवाह करणे थांबत गेले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आधी मिश्रण, मागाहून बंदिस्ती : बाबासाहेबांनी मांडलेला क्रम हाच होता. बंदिस्ती का झाली हे जनुके सांगू शकत नाहीत. त्याचे कारण समाजात शोधावे लागते, आणि ते बाबासाहेबांनी शोधले. शिवाय रिचर्ड ल्यूऑन्टिन यांनी १९७२ सालीच दाखवून दिले होते की मानवजातीतील जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकेका समूहाच्या आतच असते.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात तथागतांनी नेमके हेच पाहिले आहे. जन्माने माणूस ब्राह्मण होतो की कर्माने, असा वाद घेऊन आलेल्या दोन तरुणांना त्यांनी गवत-वृक्ष, किडे, चतुष्पाद, सर्प, मासे आणि पक्षी यांच्याकडे पाहण्यास सांगितले. त्या प्रत्येकाला जन्मसिद्ध खुणा आहेत. माणसामाणसांत मात्र केस, डोळे, कान, वाणी अशा कशातही तशी खूण नाही. माणसांतील भेद नावांचा आणि व्यवसायाचा आहे. निरीक्षणावर आधारलेला हा जीवशास्त्रीय युक्तिवादच होय. फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब आमच्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. वतन म्हणजे जन्माने गळ्यात पडलेले काम. ते काम करणाऱ्यांच्या मुलांनी पुढे शाळेत जाऊन शिक्षक, डॉक्टर, अभियंते होऊन दाखविले. दोन-तीन पिढ्यांत जनुके बदलत नाहीत. बदलली ती संधी.

भानामतीचा बंदोबस्त आणि गोळीची मर्यादा

जैविक दृष्टिकोनाचा दुरुपयोग पाहिला. त्याचा सदुपयोगही सांगितला पाहिजे. अपस्मार म्हणजे फिट येणे हा मेंदूतील विद्युतलहरींचा क्षणिक गोंधळ आहे. कांदा किंवा चप्पल हुंगवून तो जात नाही. नियमित औषधाने मात्र दहापैकी सात रुग्णांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मराठवाड्यात भानामतीच्या नावाने स्त्रिया किंचाळतात, घुमतात, अंगात येते. पुष्कळदा ही ढोंगे नसतात. ज्या स्त्रीला सासरी दुःख बोलण्याची सोय नाही, तिच्या मनावरील असह्य ताण देहाच्या वाटे बाहेर पडतो. तिला मांत्रिकाकडे नेऊन झोडपणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तिला डॉक्टरांकडे न्यावे, आणि तिच्या घरात तिच्यावर काय ओढवले आहे तेही विचारावे. या दोन्ही गोष्टी एकत्र कराव्या लागतात.

शेतकरी आत्महत्यांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. राज्य शासनाने २०१५ साली यवतमाळ आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू केले. त्याच वर्षी 'प्रेरणा' प्रकल्पातून आशा कार्यकर्त्यांमार्फत नैराश्यग्रस्त शेतकऱ्यांचा शोध घेण्याची योजना आखली गेली. नैराश्य हा खराखुरा आजार आहे. त्यात झोप, भूक, विचारांची गती सारे बदलते आणि उपचारांनी अनेकांना उतार पडतो. परंतु मेंदूत सेरोटोनिन नावाचे एक द्रव्य कमी पडले म्हणून नैराश्य येते, ही सोपी कथा पुराव्यावर टिकत नाही, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आढाव्यात दिसून आले. गोळी अनेकांचा जीव वाचविते, ती अवश्य घ्यावी आणि डॉक्टरांना न विचारता बंद करू नये. पण आटलेली विहीर आणि सावकाराचे कर्ज गोळीने फिटत नाही. तथागतांच्या आठ कारणांपैकी एकच कारण पकडून बाकीची सोडणे हे वैद्यकही नव्हे आणि धम्मही नव्हे. ज्यांना कोणाशी बोलावे हे सुचत नाही, त्यांच्यासाठी केंद्र शासनाची टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे. प्रत्येक विहाराच्या फलकावर हा क्रमांक लिहिलेला असावा, असे आम्हांस वाटते.

सरावाने बदलणारे मन

देह जसा आघाताने बदलतो तसा तो अभ्यासानेही बदलतो. लंडनच्या टॅक्सीचालकांना हजारो रस्ते पाठ करावे लागतात. स्थळांच्या स्मृतीशी संबंधित असलेला हिप्पोकॅम्पस या भागाचा मागील हिस्सा त्यांच्या मेंदूत मोठा असल्याचे २००० साली दिसून आले. ध्यानसाधनेबाबतही असे दावे केले जातात. तेथे मात्र आपण संयम राखला पाहिजे. दीर्घकाळ ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूत काही भेद आढळल्याचे २००५ च्या एका अभ्यासात नमूद आहे. परंतु आठ आठवड्यांच्या स्मृतिसाधनेने मेंदूची रचना बदलते, या दाव्याला २०२२ च्या अधिक काटेकोर अभ्यासात दुजोरा मिळाला नाही. आपल्या परंपरेला अनुकूल म्हणून अपुरा पुरावा उचलून धरणे कालाम सुत्ताच्या शिकवणीशी विसंगत आहे. चित्तभावनेची कसोटी यंत्रातील चित्रापेक्षा वागण्यातील मैत्री आणि शील हीच होय.

तीन प्रश्न

सारांश, पुढच्या वेळी कोणी 'हे त्याच्या रक्तातच आहे' असे म्हणेल तेव्हा धम्मबांधवांनी तीन प्रश्न विचारावेत. पहिला : हे खरोखर शरीरातील कारण आहे काय, आणि त्याचा पुरावा कोणता? दुसरा : ते शरीरात जन्मतः आले की भुकेने, आघाताने, आजाराने, अपमानाने मागाहून शिरले? तिसरा : ते काहीही असो, उपचाराने, आहाराने, शिक्षणाने, न्यायाने ते बदलता येईल काय? पहिल्या प्रश्नाने अंधश्रद्धा गळून पडते, दुसऱ्याने जात गळून पडते आणि तिसऱ्याने नियतिवाद.

आपल्या मुलांनी जीवशास्त्र आणि मानसशास्त्र हे विषय आवर्जून शिकावेत. माणसाचा मेंदू म्हणजे जन्माच्या वेळी कोरलेला शिलालेख नाही. जो दुष्काळ, जो भूकंप, जी शिवी, जी शाळा, जी मैत्री त्याच्या वाट्याला येते, तिची नोंद तो घेत असतो. सर्व संस्कार अनित्य आहेत हा बुद्धवचनाचा अर्थ मज्जापेशींनाही लागू पडतो. आणि जे अनित्य आहे ते सुधारता येते, म्हणूनच ते सुधारण्याची जबाबदारी आपल्यावर येते.